पालकांना घेऊन ये... पण कुठून?

आपल्या नोटीस बोर्डावर सेमिस्टरमध्ये किमान दोनदा एक कागद झळकतो. डिफॉल्टर लिस्ट! ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी असलेल्यांची नावं, आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ : ‘वरील विद्यार्थ्यांनी पालकांसह विभागप्रमुखांना भेटावे, अन्यथा टर्म ग्रँट होणार नाही.’ कागद लागला की कॅन्टीनमध्ये दिवसभर एकच विषय. कुणाचे बाबा बँकेत असतात, ते हाफ डे टाकून येतात. कुणाचे मामा याच शहरात असतात, ते ‘लोकल गार्डियन’ म्हणून सही ठोकून जातात. आणि ज्याचं कुठूनच जमत नाही त्याने टपरीवरच्या काकांना इस्त्रीचा शर्ट चढवून ‘बाबा’ म्हणून उभं केल्याची दंतकथा तर प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात असतेच! भाड्याच्या बापाचा विषय निघाला की आपण सगळे पोट धरून हसतो.

हसून झालं असेल तर जरा विचार करूया. बाप भाड्याने आणायची वेळ येतेच का? पोरगं बंक मारून सिनेमाला गेलेलं असतं म्हणून? असेलही. पण प्रत्येक वर्गात चार-पाच जण असे असतात की त्यांचा खरा बाप येऊ शकत नाही, आणि आलाच तर त्या केबिनमध्ये काय बोलायचं हे त्याला ठाऊक नसतं. आपली सगळी व्यवस्था मात्र, अगदी बालवाडीपासून बी. ई. पर्यंत, एक गोष्ट गृहीत धरून चालते. ती म्हणजे, मुलाच्या मागे घरी एक शिकलेलं, मोकळा वेळ असलेलं आणि ऑफिसात बोलायला न घाबरणारं माणूस उभं आहे. ज्याच्या मागे असं माणूस नाही त्याचं काय करायचं, हा माझ्या या लेखाचा विषय.

आधी हे न येणारे पालक कोण, ते बघू. एकच उदाहरण घेतो. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असा तिथला हिशोब. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत पाच-सहा महिने फडातच मुक्काम, राहायला कोपी. एक दिवस खाडा पडला तर मजुरी तर बुडतेच, वर उचल फिटायची लांबते. अशा माणसाला ‘शनिवारी अकरा वाजता पालक सभेला उपस्थित राहावे’ असा निरोप पाठवायचा, आणि तो आला नाही की रजिस्टरवर ‘पालक उदासीन’ असा शेरा मारायचा! अहो, ज्या आईने पुढच्या हंगामाची उचल घेऊन पोराची मेसची बिलं भरली, ती शिक्षणात ‘इन्व्हॉल्व्ह’ नाही असं म्हणायची हिंमत कशी होते कुणाची?

आणि हे फक्त ऊसतोडवाल्यांचं नाही. वीटभट्टी आहे, बांधकामाची साइट आहे, रात्रपाळीचा वॉचमन आहे, चार घरची धुणी-भांडी करणारी बाई आहे. दुसऱ्या टोकाला, दोघंही कंपनीत, रात्री दहाला घरी पोचणारे, घरात सगळं आहे पण ‘आज काय झालं रे?’ एवढं विचारायला कुणी नाही, अशीही घरं आहेत. कुणाचे आईवडील हयातच नाहीत. कारणं वेगवेगळी, पण शाळेच्या बाजूने पाहिलं तर परिणाम एकच. मुलाच्या नावापुढची ‘पालकांची सही’ ही जागा रिकामी.

या रिकाम्या जागेवर आपल्याकडे एकच औषध दिलं जातं : पालकांना जागं करा. सभा घ्या, मेळावे घ्या, समित्या करा. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे, आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असंही आहे. कल्पना उत्तमच आहे, माझा तिला विरोध नाही. शाळा कुणाच्या मालकीची, या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर आहे. पण पाचवीतल्या ज्या पोराला वाचता येत नाही त्याला त्या समितीमुळे वाचता येतं का?

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न झालेला आहे, आणि इंजिनिअरच्या डोक्याला पटेल अशा पद्धतीने, म्हणजे प्रयोग करून. २००५-०६ च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि ‘प्रथम’ संस्थेच्या लोकांनी २८० गावांत एक अभ्यास केला. गावांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काही गावांत सभा घेऊन पालकांना समितीची, तिच्या अधिकारांची माहिती दिली. काही गावांत त्याच्या जोडीला गावकऱ्यांनाच आपल्या मुलांची वाचनाची परीक्षा घ्यायला लावली, म्हणजे परिस्थिती डोळ्यांनी दिसावी. आणि काही गावांत यापुढे एक पाऊल टाकून गावातल्याच तरुण पोरापोरींना थोडं प्रशिक्षण दिलं आणि शाळा सुटल्यावर वाचनाचे वर्ग घ्यायला सांगितलं. बाकीच्या गावांत काहीच केलं नाही, ती तुलनेसाठी.

निकाल काय लागला? सुरुवातीला बहुतेक पालकांना अशी समिती असते हेच माहीत नव्हतं. सभा झाल्या, माहिती पोचली, आणि तरीही पालकांचा सहभाग वाढला नाही, मुलांचं वाचनही सुधारलं नाही. जिथे तरुणांनी वर्ग घेतले तिथे मात्र, जी मुलं वर्गाला आली त्यांचं वाचन चांगलंच सुधारलं. सगळी मुलं आली नाहीत, थोडीच आली, हेही तितकंच खरं. पण मुद्दा लक्षात घ्या. पालकांना सांगून जे झालं नाही ते गावातल्या पोरांनी स्वतः बसून शिकवल्याने झालं. त्या पोरांकडे ना बी. एड. होतं, ना पगार.

आपल्या मुंबईतली गोष्ट तर याच्याही आधीची आहे. ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांमध्ये ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे कोण? त्याच वस्तीतली, दहावी-बारावी शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडलीत त्यांना रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन बसायचं, पंधरा-वीस जणांचा गट, आणि अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्यायची. मुंबई आणि बडोदा इथे या कामाची रीतसर मोजणी झाली, २००७ साली ती प्रसिद्धही झाली. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात मागे असलेल्या मुलांना. या असल्या प्रयोगांच्या पद्धतीसाठीच बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बातमीचं कटिंग आपण सगळ्यांनी वाचलं, ‘भारतीय वंशाचा’ म्हणून अभिमानही बाळगला. पण त्या नोबेलमागे आपल्याच मुंबईतल्या दहावी पास पोरींची मेहनतही होती, हे किती जणांच्या लक्षात आलं?

बरं, ही अक्कल आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! हा दंडाचा किस्सा भाषणात सगळेच सांगतात. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहं उभी केली होती, ते कमी वेळा सांगितलं जातं. खेड्यातून आलेल्या पोराला राहायचं कुठे, खायचं काय, याची सोय आधी आणि पालकाला दंड नंतर, हा तो क्रम आहे. आपण दंड तेवढा उचलला आणि सोय विसरलो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं तर सगळं काम याच सूत्रावर उभं आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या मुलांचे आईबाप कोण होते? कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, बहुतेकांना अक्षरओळख नाही. भाऊरावांनी त्यांची सभा बोलावून ‘मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्या’ असं प्रवचन दिलं नाही. ते लक्ष त्यांनी स्वतः दिलं. पैसे नसतील तर ‘कमवा आणि शिका’. आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. म्हणजे पालकाचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं. ‘पालक’ या शब्दाचा अर्थच मुळी पाळणारा असा आहे. जन्म देणाराच असला पाहिजे असं त्या शब्दात कुठेही म्हटलेलं नाही.

आता आपल्या भाषेत बोलूया. एखाद्या प्लांटमध्ये कूलिंगचा पंप एकच असेल आणि तो बंद पडला की सगळा प्लांट बंद पडत असेल, तर आपण त्या पंपाला शिव्या देतो का? सर व्हायवात विचारतात, ‘स्टँडबाय का नाही ठेवला?’ चूक पंपाची नाही, डिझाइनची. शिक्षणाच्या प्लांटमध्ये पालक हा एकच पंप आपण धरून बसलोय. स्टँडबाय ठेवायला हवा एवढंच माझं म्हणणं.

त्यासाठी पालक नेमकं करतात काय, हे सुटं करून पाहावं लागेल. मी माझ्या वर्गातल्या ‘सगळं सुरळीत चाललेल्या’ मित्रांच्या घरी काय होतं ते बघत आलोय. चार कामं दिसतात.

पहिलं, विचारणं. ‘आज कॉलेजला गेला होतास का? जर्नल पूर्ण झालं का?’ इतकंच. या प्रश्नाला विषयाचं ज्ञान लागत नाही. फ्लुइड मेकॅनिक्स न समजणारी आईसुद्धा चेहऱ्यावरून ओळखते की पेपर कसा गेला. कुणीतरी विचारणार आहे, या एका जाणिवेने माणूस निम्मा जाग्यावर राहतो.

दुसरं, वाट माहीत असणं. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, नॉन क्रीमी लेअर कधी काढायचं, जात वैधतेला किती वेळ लागतो, महाडीबीटीवर अर्ज परत आला तर काय करायचं, वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता मिळू शकतो का. ज्याच्या घरी कुणी या वाटेने गेलेलं आहे त्याला हे जेवताना कळतं. ज्याच्या घरी तो पहिलाच आहे त्याला शेवटची तारीख उलटून गेल्यावर कळतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय मोठा आहे. पण माफी मिळवायची तर कागद लागतात, आणि कागद वेळेत जमवायला वाट माहीत असलेलं माणूस लागतं.

तिसरं, जागा देणं. दिवा, टेबल, शांतता आणि दोन वेळचं गरम जेवण. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही असेल तर तिथे इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट कुठे पसरणार?

चौथं, बाजू घेणं. चूक नसताना ऑफिसने हाकलून दिलं तर ‘चल, मी येतो बरोबर’ म्हणणारं कुणीतरी. हे चौथं काम सगळ्यात कमी वेळ लागणारं आणि सगळ्यात जास्त धीर देणारं.

ही चार कामं आहेत, बस्स. यातलं एकही असं नाही की जे फक्त जन्मदात्यांनाच जमेल. मायेची जागा कुणी घेऊ शकत नाही, मान्य. ती त्यांच्याकडे आहेच, भरपूर आहे. नाही ती या चार कामांची सोय, आणि ती वाटून घेता येते. फक्त वाटून घेताना नाव लिहावं लागतं. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणजे कुणाचीच नाही, हे आपण ग्रुप प्रोजेक्टमध्ये पुरेपूर अनुभवलंय!

मग कॉलेजने काय करावं? मोठं काही नको. एक, डिफॉल्टर लिस्टमधली ‘पालकांसह भेटावे’ ही सक्ती काढा. हजेरीची अट ठेवा, हजेरीला माझा विरोध नाही. पण सलग तीन-चार दिवस मुलगा दिसला नाही की त्याच आठवड्यात कुणीतरी रूमवर जाऊन चौकशी करा. बाराव्या आठवड्यात नोटीस लावून काय उपयोग? बैल गेला अन् झोपा केला! दोन, पालकांना बोलावण्याऐवजी फोन करा, रात्री आठनंतर, त्यांच्या बोलीत. आणि पहिला फोन तक्रारीचा नसावा. कॉलेजचा फोन म्हणजे काहीतरी विपरीत, या धास्तीत असलेल्या बापाला एकदा ‘तुमच्या पोराने वर्कशॉपमध्ये जॉब छान केला’ एवढं सांगून बघा. तीन, आपल्याकडे गार्डियन टीचर कागदावर आहेतच, वीसेक मुलांमागे एक. त्यांच्या रजिस्टरमध्ये सही घेण्यापलीकडे त्यांना वेळ द्या, टाइमटेबलमध्ये आठवड्याचा एक तास नावानिशी टाका. चार, शिष्यवृत्तीच्या मोसमात ऑफिसबाहेर एक टेबल लावा आणि तिथे माहितगार सीनियर बसवा. पाच, रीडिंग हॉल रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवा. यातल्या कुठल्याही गोष्टीला नवीन इमारत लागत नाही.

शाळांच्या पातळीवर सरकारी योजना आहेत. ऊसतोडीला गेलेल्या पालकांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली. चांगलंच आहे. पण हंगामी वसतिगृहाचा सगळा जीव वेळेत आहे. टोळी निघायच्या आधी ते सुरू झालं तर पोरगं गावात राहतं, महिनाभर उशीर झाला तर ते फडात धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं असतं. त्यामुळे गावात कुणीतरी हे तारखेवर लक्ष ठेवून विचारणारं लागतं. पुन्हा तेच, चार कामांतलं पहिलं काम!

आता आपल्याकडे येतो. ‘आम्ही काय करणार? आमच्याच केट्या निघता निघत नाहीत!’ असं म्हणणारे माझे दोस्त मला आत्ताच दिसतायत. तर ऐका. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. म्हणजे उरलेल्या निम्म्यांना आला नाही. ही मुलं दूर कुठे नाहीत, आपल्या कॉलेजच्या कंपाउंडपलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतही भेटतील. त्यांना शिकवायला एम-थ्री सुटलेलं असायची गरज नाही. दहावी पास बालसखीला जे जमलं ते थर्ड इयरच्या इंजिनिअरला जमू नये?

माझा प्रस्ताव छोटा आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एक-एक तास. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट क्रमाने वाचायला द्यायची. जिथे अडेल तो त्याचा गट, मग तो तिसरीत असो की सहावीत. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. महिन्याने पुन्हा तपासायचं आणि गट बदलायचे. एकेकाने पाच-सहा मुलं घ्यायची आणि वर्षभर तीच मुलं ठेवायची. आपली परीक्षा आली की ज्युनिअरच्या हाती सोपवायची, नाव-गाव-प्रगतीच्या वहीसकट. आणि एक अट : बॅनर नाही, फोटो नाही. एक दिवस वह्या वाटून, टोप्या घालून, फोटो काढून परत फिरणारे त्या मुलांनी खूप पाहिलेत. पुढच्या मंगळवारी परत येणारा मात्र त्यांनी फारसा पाहिलेला नाही.

कॉलेजच्या आतही असंच. फर्स्ट इयरला येणाऱ्या, घरातून पहिलाच शिकणाऱ्या प्रत्येक मुलामागे त्याच विभागाचा एक सीनियर, नावानिशी. त्याचं काम फक्त वरची पहिली दोन : विचारणं आणि वाट सांगणं. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांना याची गरज सगळ्यात जास्त असते, कारण बाकीच्यांचे ग्रुप तोवर जमलेले असतात आणि याच्या डोक्यावर वर्षाचा अभ्यासक्रम आणि इंग्रजी दोन्ही एकदम कोसळतात.

दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो. एक, ‘असं केलं तर पालक आणखी बेफिकीर होतील.’ मला उलटं वाटतं. ज्याला केबिनमध्ये बोलावून चार शब्द सुनावले जातात तो पुढच्या वेळी फोनही उचलत नाही. ज्याच्या पोराची आपुलकीने चौकशी होते तो हंगाम संपल्यावर, उन्हातान्हाचा, आपणहून कॉलेज बघायला येतो. शाळा-कॉलेजने आधी हात पुढे करावा, सहभाग मागून येतो. दुसरा आक्षेप, ‘आम्हाला कुणी मदत केली? आम्ही आमच्या जिवावरच शिकलो की!’ शिकलात, तुम्हाला सलाम. पण नीट आठवून बघा, कुणी एक मास्तर, एखादी मोठी बहीण, फॉर्म भरून देणारा झेरॉक्सवाला तरी असेलच. आणि खरंच कुणी नसेल, तर तुमच्या शेजारचे किती जण त्याच वाटेत गळाले, तेही आठवा. एकटा पोहून पलीकडे गेला म्हणून नदीवर पूल नको, असं सिव्हिलवाल्याने तरी म्हणू नये!

या वर्षीची विद्यार्थी परिषद आणि आपले विभागप्रमुख यांच्याकडे माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या सेमिस्टरची डिफॉल्टर लिस्ट लागेल तेव्हा तिच्या तळाशी ‘पालकांसह भेटावे’ याऐवजी प्रत्येक नावापुढे अजून एक नाव छापलेलं असावं. त्या मुलाला आधी जाऊन भेटणाऱ्याचं. यादी फार तर दोन पानांची होईल. आणि ती दुसरी नावं भरायला माणसं कमी पडत असतील, तर पेन घेऊन बोर्डापाशी या. पहिलं नाव मी लिहितो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी